पुढच्या महिन्याचा मान्ना

शास्त्रभाग : निर्गम १६:१३-३१, विलापगीत ३:१६-२६



काल कपाट आवरताना एक जुनी वही हाताला लागली. पाच वर्षांपूर्वीची, दोनशे पानी. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात महिन्यांची नावं होती : जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. प्रत्येक महिन्याखाली घरभाडं, गॅस, मुलाची फी, गोळ्या, फिजिओथेरपी असे आकडे. शेवटचा रकाना होता, त्याच्यावर मी लिहिलं होतं "कुठून?" त्या रकान्यात एकही आकडा नव्हता, नुसती प्रश्नचिन्हं होती.

ते दिवस मला आठवले. त्या मे महिन्यात ह्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला आणि उजवी बाजू गेली. नोकरी कंत्राटी होती. ते जिथे कामाला होते तिथून थोड्याच दिवसांत निरोप आला की त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला आहे. माझं शिवणकाम होतं, पण ब्लाउज आणि फॉल-पिकोवर चार माणसांचं घर आणि औषधं कशी चालणार? रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात बसून ही वही उघडायची. जूनचा हिशोब लागायचा नाही, म्हणून मी जुलैचा करायची. जुलैचा लागायचा नाही, म्हणून ऑगस्टचा. पहाटेपर्यंत मी डिसेंबरला पोचलेली असायची आणि अंगात सकाळी उठायची ताकद नसायची.

आणि मी विश्वासणारी होते बरं का! रविवारी उपासनेत बसत होते, भगिनी मंडळात प्रार्थना चालवत होते. देव विश्वासू आहे हे मला तोंडपाठ होतं. पण डिसेंबरच्या रकान्यात तो मला दिसत नव्हता.

म्हणून आज आपण मान्नाचा शास्त्रभाग पाहू या.

मान्ना कुठे पडला?

इस्राएल लोक एलीमहून निघाले होते. एलीम कसं होतं? बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं (निर्गम १५:२७). तिथे कोणी कुरकुर केल्याचं लिहिलेलं नाही. पाणी समोर दिसत होतं, सावली डोक्यावर होती. मग ते सीनच्या रानात आले. मिसर सोडून नेमका एक महिना झाला होता आणि बरोबर आणलेलं संपलं असणार. लगेच त्यांना मिसरातली मांसाची भांडी आठवली. गुलामी विसरली, भांडी तेवढी आठवली! भीती पोटात शिरली की आठवणसुद्धा खोटं बोलायला लागते. मलाही तेव्हा वाटायचं की आधी आमचं किती छान चाललं होतं. खरं तर आधीही महिनाअखेरीला ओढाताणच असायची.

देवाने काय केलं? संध्याकाळी लावे पक्षी आले आणि सकाळी दव वाळल्यावर जमिनीवर बारीक काहीतरी पडलेलं होतं. धण्यासारखं, पांढरं, चवीला मध घातलेल्या पापडीसारखं. लोक एकमेकांना विचारू लागले की हे आहे तरी काय. त्या प्रश्नावरूनच त्याला मान्ना हे नाव पडलं. म्हणजे देवाच्या पुरवठ्याचं नावच एक प्रश्न आहे! लोकांना तो ओळखताही आला नाही. आपण एका ठरावीक वाटेकडे डोळे लावून बसतो आणि देव भलत्याच वाटेने देतो.

आता त्या पुरवठ्याचे नियम पाहू. त्यांतच कृपेचा धडा आहे.

१. मान्ना रोजचा होता

माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या मापाने साधारण दोन लिटरचं भांडं भरून. उद्यासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवला. का ठेवला असेल? मला वाटतं लोभापेक्षा भीतीने. उद्या नाही पडला तर? मुलं काय खातील? पण सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हा भाग ऐकून काही जण म्हणतात की बचत करणं म्हणजे अविश्वास. तसं शास्त्र शिकवत नाही. योसेफाने सात वर्षं धान्य साठवलं ते देवानेच सुचवलं म्हणून. नीतिसूत्रांत मुंगीचं उदाहरण दिलंय (६:६-८). आणि ह्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायला देवानेच सांगितलं, आणि तो शब्बाथाच्या सकाळी नासला नाही. तोच मान्ना, तीच भांडी. फरक एवढाच की एका रात्री तो आज्ञेने ठेवला होता आणि दुसऱ्या रात्री भीतीने. तेव्हा विमा असेल, पोस्टात चार पैसे असतील तर ते चालू ठेवा. किडे पडतात ते, आपण उद्याला आजच जगायला लागतो तेव्हा.

माझ्या वहीत किडे पडले होते. जूनची ताकद मी डिसेंबरवर खर्च करत होते. डिसेंबरची कृपा जूनमध्ये मिळत नाही, प्रियांनो. ती डिसेंबरमध्ये मिळते. प्रभू येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली तेव्हा भाकर आजच्यापुरती मागायला शिकवली (मत्तय ६:११), आणि त्याच अध्यायाच्या शेवटी उद्याची चिंता उद्यावर सोडायला सांगितलं. मी कितीतरी वर्षं ती प्रार्थना म्हणत होते आणि मनातल्या मनात सहा महिन्यांची भाकर एकदम मागत होते.

२. मान्ना बाहेर जाऊन वेचावा लागायचा

तो तंबूत आयता येत नव्हता. ऊन चढलं की वितळून जायचा, म्हणून सकाळी उठायला लागायचं. गणना ११:८ मध्ये तर पुढचंही सांगितलंय : लोक तो जात्यावर दळायचे, नाहीतर उखळात कुटायचे, शिजवायचे, त्याच्या भाकरी करायचे. देवाने दिलेली कृपासुद्धा दळावी लागते! विश्वास ठेवणं म्हणजे हात जोडून बसून राहणं नव्हे. सकाळी उठणं, ह्यांना व्यायाम करवणं, मशीनवर बसणं, ज्यांच्याकडे पैसे अडकलेत त्यांना फोन करणं, हे सगळं माझं मान्ना वेचणंच होतं. पण डोळे सुजलेले आणि रात्र वहीत गेलेली असली की सकाळचा मान्ना वितळून जायचा. पडत नव्हता असं नाही, मीच उशिरा उठत होते.

३. कोणाचं उरलं नाही, कोणाला कमी पडलं नाही

हे निर्गम १६:१८ मध्ये आहे. गंमत म्हणजे पौलाने हेच वचन कुठे वापरलं? यरुशलेममधल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना (२ करिंथ ८:१५). म्हणजे माझा ओमर कधीकधी दुसऱ्याच्या भांड्यात येऊन पडतो आणि त्याने तो माझ्याकडे आणायचा असतो.

हे मला फार जड गेलं. घ्यायला हात पुढे होत नव्हता. एका संध्याकाळी शेजारच्या काकू पिठलं आणि चार भाकरी घेऊन आल्या. त्या काही आपल्या मंडळीतल्या नाहीत. मी म्हटलं, "काकू, कशाला? आमचं झालंय जेवण." झालेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, मला कोणी खायला नाही म्हणून आणलंय, ठेव." मी दार लावून रडले. आठ दिवस मी देवाकडे मागत होते आणि त्याने दिलेलं दारातच परत पाठवायला निघाले होते. अभिमानालाही कृपा ओळखता येत नाही.

४. लोक चुकले तरी मान्ना पडत राहिला

माझ्या मते सगळ्यात मोठा धडा हा आहे. चाळीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस. हिशोब केला तर साधारण बारा हजार सकाळी होतात. त्या बारा हजार सकाळींत हे लोक कसे वागले? सोन्याचं वासरू केलं. मिसरात परत जायचा बेत केला. ह्याच मान्नाला कंटाळले. कनानच्या सीमेवरून घाबरून मागे फिरले, त्याची शिक्षा म्हणून रानात भटकत राहिले. मग एखाद्या सकाळी तरी देवाने पुरवठा बंद करायला हवा होता, नाही का?

नहेम्याच्या ९ व्या अध्यायात लेवी लोक प्रार्थनेत हा सगळा इतिहास देवापुढे मांडतात. वासराचं नाव घेतात आणि लगेच पुढे कबूल करतात की तरीही देवाने आपल्या मोठ्या दयेमुळे त्यांना रानात टाकून दिलं नाही, आणि त्यांच्या तोंडचा मान्ना काढून घेतला नाही (९:१८-२०). वासरू आणि मान्ना एकाच प्रार्थनेत! शिक्षा झाली, शिस्त लागली, एक पिढी रानात संपली. पण जेवायची वेळ झाली आणि देवाने पाठ फिरवली असं एकदाही झालं नाही. कनानचं धान्य खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशीच तो थांबला (यहोशवा ५:१२). गरज होती त्याच्या एक दिवसही आधी नाही.

आपण विश्वास म्हणजे आपली पकड समजतो. माझी पकड सुटली तर देवही सोडेल असं वाटतं. पण पौल तीमथ्याला लिहितो की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण तो स्वतःला नाकारू शकत नाही (२ तीमथ्य २:१३). हे पाप करायला मोकळीक म्हणून नाही, तर थकलेल्याला धीर म्हणून आहे. ज्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही, नुसते आकडे लिहिले, त्या रात्रीनंतरही सकाळ झालीच.

पण भाकर संपली तर?

इथे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं : प्रत्येक वेळी मान्ना पडतोच का? नाही पडला तर? मी हा प्रश्न टाळणार नाही, कारण पवित्र शास्त्रही टाळत नाही.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने यरुशलेम पाडलं. त्याआधी दीड वर्ष शहराला वेढा होता. यिर्मया त्या वेळी पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. सिद्कीया राजाच्या हुकमाने त्याला भटाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकर मिळायची, शहरातली सगळी भाकर संपेपर्यंत (यिर्मया ३७:२१). रोज एक भाकर! आणि मग ती संपली. विलापगीत वाचा : लेकरं भाकर मागतात आणि कोणी तुकडाही देत नाही (४:४). हे पुस्तक परंपरेने यिर्मयाचं मानतात. ज्याने कोणी लिहिलं त्याने ही लेकरं पाहिलेली होती.

आणि ह्याच पुस्तकाच्या मध्यावर, तिसऱ्या अध्यायात, ती प्रसिद्ध वचनं आहेत. त्यांच्या आधीचं वाचायला विसरू नका. तो म्हणतो की माझे दात खड्यांनी मोडले, सुख म्हणजे काय हे मी विसरलो, माझी आशा गेली (३:१६-१८). आशा गेली म्हणून लिहिणारा माणूस तीनच वचनांनंतर आशा धरतो. मधे परिस्थिती बदलली का? अजिबात नाही. शहर अजून राखच आहे. त्याने एक गोष्ट मुद्दाम मनात आणली, एवढंच (३:२१).

इब्री भाषेत हा अध्याय वर्णमालेप्रमाणे रचलाय. बावीस अक्षरं, प्रत्येक अक्षराची तीन वचनं, मिळून सहासष्ट. २२ ते २४ ही वचनं 'हेथ' ह्या अक्षराची आहेत आणि त्यांचे पहिले शब्द पाहण्यासारखे आहेत. पहिला हेसेद, म्हणजे करारातलं न सुटणारं प्रेम. दुसरा हदाशीम, म्हणजे नवं, रोज सकाळी नवं. तिसरा हेलेक, म्हणजे वाटा, हिस्सा. मला हा तिसरा शब्द फार बोलला. कनान देश वाटला तेव्हा प्रत्येक वंशाला जमिनीचा वाटा मिळाला, पण अहरोनाला देव म्हणाला की तुझा वाटा मीच (गणना १८:२०). आता यरुशलेमच्या राखेत बसलेला हा माणूस, ज्याची जमीन गेली, घर गेलं, भाकरही संपली, तो म्हणतो की परमेश्वरच माझा वाटा. शत्रूला तो वाटा उचलून नेता आला नाही.

आणि त्या वचनांतला 'विश्वासूपणा' हा शब्द इब्रीत एमुना आहे. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो त्या 'आमेन'च्याच धातूपासून आलेला. हाच शब्द अमालेकाशी झालेल्या लढाईत येतो. मोशेचे हात थकले, अहरोन आणि हूर ह्यांनी ते दोन्हीकडून धरून ठेवले आणि सूर्यास्तापर्यंत ते ढळले नाहीत (निर्गम १७:१२). ते न ढळणं म्हणजे एमुना. मोशेचे हात दुसऱ्यांनी धरायला लागले. देवाचे हात कोणी धरायला लागत नाहीत.

तेव्हा "मान्ना नेहमी पडतोच का?" ह्याचं माझं उत्तर असं आहे : मी मागितलेली भाकर नेहमी मिळेल असं मला सांगता येत नाही. देव स्वतः मिळेल असं सांगता येतं. योहान ६ मध्ये प्रभू येशू हेच म्हणाला, की वाडवडिलांनी रानात मान्ना खाल्ला आणि तेही मेले, पण स्वर्गातून उतरलेली खरी भाकर तो स्वतः आहे. भाकर देणारा आणि भाकर इथे एकच होतात. वधस्तंभावर त्याचं शरीर मोडलं गेलं, म्हणून आपला वाटा आता कोणत्याही वेढ्यात संपणार नाही.

वहीचं उलटं टोक

काकू भाकरी देऊन गेल्या त्या रात्री मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. वर तारीख आणि फक्त त्या दिवशी जे आलं ते. काल मी ती पानं वाचली. "काकूंच्या भाकरी." "तीन ब्लाउज, पैसे रोख." "पाळकसाहेब आले, काही बोलले नाहीत, तासभर ह्यांच्याजवळ बसले." "फी भरायला पंधरा दिवस वाढवून मिळाले." "आज काही आलं नाही. ह्यांचा अंगठा हलला." मधे कितीतरी दिवस कोरे आहेत, मी लिहायला विसरले होते. त्या दिवशीही आम्ही जेवलो होतो.

सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. ह्यांचा उजवा हात अजून पूर्ण मिटत नाही. बरे होतील म्हणून मी मागितलं होतं आणि अजून मागते. कर्ज फिटायला तीन वर्षं लागली. आणि खरं सांगते, घरमालकांनी मागच्या आठवड्यात सांगितलंय की करार संपल्यावर घर रिकामं करा. परवा रात्री मी परत कागद घेऊन रकाने आखायला बसले होते. डिपॉझिट, टेम्पोचं भाडं, आणि शेवटी तेच जुनं "कुठून?" म्हणून कदाचित प्रभूने काल ती वही हाताला लावली असेल.

घर शोधायचं आहे, ते मी शोधणारच. आज दोन ठिकाणी जायचं आहे. पण आजपुरतं आज.

प्रिय वाचका, तुझ्याही मनात अशी एखादी वही असेल. रिपोर्ट यायचा असेल, मुलाचं लग्न जमत नसेल, हप्ता थकला असेल. तुला पुढच्या महिन्याचा मान्ना दिसत नसेल तर घाबरू नकोस. तो कोणालाच आदल्या दिवशी दिसला नाही. बारा हजार रात्री इस्राएल रिकामी भांडी घेऊन झोपला आणि देव जागा होता.

मननासाठी

१. मी कोणत्या महिन्याची कृपा आज मागत आहे?

२. माझ्या दारात आलेलं कोणतं देणं मी अभिमानाने परत पाठवलं?

३. आज माझ्या भांड्यातला ओमर कोणाकडे न्यायचा आहे?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमची पकड सैल आहे, तुझी नाही, म्हणून तुझे उपकार मानते. आजच्यापुरती भाकर दे, आजच्यापुरतं बळ दे आणि ते ओळखायला डोळे दे. ज्यांच्या घरात आज खरंच काही नाही त्यांची आठवण कर, आणि त्यांच्यासाठी आमच्याकडे जे दिलं असशील ते आमच्या हातून त्यांना पोचव. उद्या तुझ्या हातात आहे, तो तिथेच राहू दे. येशूच्या नावात मागते. आमेन.